एसी शनिवारी येतोय, आता नाही म्हणू नका

प्रिय आई आणि बाबा,

फोनवर आपण तिघंही एकदम बोलतो आणि शेवटी आई "बरं, बघू" म्हणते की विषय तिथेच संपतो, म्हणून यावेळी लिहूनच पाठवतेय. बाबा, तुम्ही आईला मोठ्याने वाचून दाखवा, आणि मधले पैशांचे आकडे गाळू नका, तिला सगळं कळू दे.

तर तुमच्या झोपायच्या खोलीसाठी एसी घेतलाय. दीड टनाचा, इन्व्हर्टर, पाच स्टारवाला. दादाने आणि मी मिळून पैसे भरून टाकलेत, शनिवारी सकाळी फिटिंगवाला येईल. तुम्हाला न विचारता केलं हे खरंय, पण विचारलं असतं तर अजून एक उन्हाळा कूलरवरच गेला असता हे तुम्हालाही माहितीये.

कूलर वाईट आहे असं मी म्हणतच नाहीये. एप्रिल-मे मध्ये नागपूरच्या कोरड्या हवेत कूलरसारखं काही नाही, वाळ्याच्या ताटीचा तो वास मला इथे इंग्लंडात लीड्समध्ये बसूनही आठवतो. पण कूलर चालतो तो पाण्याची वाफ होते म्हणून, आणि जूनमध्ये आभाळ भरून आलं, हवेत दमटपणा आला की वाफच होत नाही, मग तो नुसती चिकट हवा फेकत राहतो. बाबांना चक्कर आली ती मे मध्ये नाही, जूनमध्येच आली होती ना? आणि ती रात्री. दिवसभर तापलेला स्लॅब रात्रभर उष्णता खाली सोडत असतो आणि तुमची खोली नेमकी त्याच्याच खाली. बाबा, वय वाढलं की तहान लागल्याचं शरीराला कमी कळतं, त्यात तुमच्या बीपीच्या गोळ्यांमध्ये ती लघवीची गोळी आहे, तिने अंगातलं पाणी आणखी कमी होतं. डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा तुम्ही मान डोलावली आणि घरी येऊन पुन्हा दुपारी दोनला बँकेत गेलात, आईने सगळं सांगितलंय मला.

आम्ही लहान होतो तेव्हा संध्याकाळी गच्चीवर बादल्या ओतून गाद्या टाकायचो, आणि लाईट गेली की बाबा ओला पंचा फिरवत बसायचे, आम्ही झोपलो तरी बसायचे, मी एकदा डोळे किलकिले करून पाहिलं होतं. त्या रात्री आता राहिल्या नाहीत बाबा. २०१३ च्या मे मध्ये पारा ४७.९ वर गेला होता तेव्हा मी तिथेच होते, तुम्ही दोघं तेव्हा तेरा वर्षांनी तरुण होता. आता मला रात्री मोबाईलवर नागपूरचं तापमान बघून झोप येत नाही, इतकंच कारण पुरेसं आहे असं समजा.

आता बाबांच्या त्या फॉरवर्डचं. सरकार फुकट पाचस्टार एसी देतंय, लिंकवर नाव-नंबर भरा, असं जे आलं होतं ते खोटं आहे, सरकारच्याच माहिती खात्याने, पीआयबीने, २०२५ मध्येच तशी योजना नाही असं जाहीर केलंय. त्या लिंकला हात लावू नका आणि काकांनाही सांगा. दुसरं जे तुम्ही म्हणत होता, जुना एसी द्या आणि नव्यावर अर्ध्याहून जास्त सूट घ्या, ते खरं आहे पण ते दिल्लीत, तिथल्या बीएसईएस या वीज कंपनीच्या ग्राहकांसाठी. आपलं मीटर महावितरणचं, त्यामुळे त्यासाठी थांबण्यात अर्थ नव्हता. तुम्ही इथे आला होतात तेव्हा आमच्या मागच्या भिंतीवरच्या, घर गरम करणाऱ्या हीट पंपासमोर खुर्ची टाकून बसायचात, त्याला इथलं सरकार ७,५०० पौंड देतं, अर्जही बसवणारी कंपनीच करते आणि बिलातून तेवढे कमी करते. मशीन तेच आहे बाबा, तुमचा एसी आतली उष्णता बाहेर टाकतो, आमचा बाहेरची आत आणतो, पण अशी थेट मदत आपल्याकडे घरच्या एसीला मिळायला हवी असं मला मनापासून वाटतं, निदान म्हाताऱ्या माणसांच्या एका खोलीपुरती तरी. सध्या आपल्याला मिळालं ते जीएसटीचं, २२ सप्टेंबर २०२५ पासून एसीवरचा कर २८ टक्क्यांवरून १८ वर आला. म्हणजे आई, मी महागात घेतला असं म्हणू नकोस.

पाच स्टारच का, तीन स्टारमध्ये सात-आठ हजार वाचले असते, हे बाबा विचारणारच. स्टारवर मी जाऊच नाही दिलं दादाला, लेबलवर आयएसईईआर म्हणून एक आकडा असतो तो बघायला लावला. वर्षभरात एसी किती थंडावा देतो आणि त्यासाठी किती वीज खातो, त्याचा तो हिशोब. २०१८ मध्ये ४.५ ला पाच स्टार मिळायचे, जुलै २०२२ पासून त्याला ५ लागायला लागले, आणि १ जानेवारी २०२६ पासून बीईईने, म्हणजे हे स्टार ठरवणाऱ्या सरकारी संस्थेने, नियम अजून कडक केलेत, म्हणजे गेल्या वर्षीचा पाचस्टार आता चारच्या रांगेत बसतो. मावशीने २०२१ मध्ये घेतलेले पाच स्टार आणि आपले पाच स्टार म्हणून सारखे नाहीत, तिच्या बिलाशी तुलना करू नका. दुकानदार दादाला गेल्या वर्षीचा माल दाखवत होता, लेबलवरचा कालावधी वाचल्यावर दादाने नवा मागितला.

अजून एक गोष्ट ज्यावर आमचं बरंच बोलणं झालं. ते लेबल ठरवताना बाहेरचं तापमान २४ ते ४३ डिग्री धरतात आणि वर्षाला १६०० तास. आपलं नागपूर ४३ ला कुठे थांबतं! म्हणून ५० च्या वरही चालेल असं कंपनीने लिहून दिलेलं मॉडेल घेतलं, आणि खोली लहान असूनही एक टनाचा न घेता दीडचा, कारण वरून स्लॅब तापतो आणि बाहेर ४५ असलं की कुठलाही एसी लिहिल्यापेक्षा कमीच थंडावा देतो.

बिलाचं सांगते, आई, इथे नीट ऐक. लेबलवर १६०० तासांचे सातशेच्या आसपास युनिट आहेत, म्हणजे तासाला अर्ध्याहूनही कमी. मे महिना आहे म्हणून मी तासाला पाऊण धरलं, रात्रीचे आठ तास, म्हणजे सहा युनिट, महिन्याचे १८०. घरातले बाकीचे तुमचे दीडशे-दोनशे. सगळं मिळून चारशेच्या आत. महावितरणचे टप्पे १००, ३००, ५०० असे आहेत आणि पाचशेच्या वरचं प्रत्येक युनिट सगळ्यात महाग दराने लागतं, तिथे आपण जातच नाही. हॉलमधला तो जुना दोन टनाचा विंडो एसी तासाला दोन युनिट ओढतो, पाहुणे आले की तुम्ही तो लावायचात आणि मग बिल बघून महिनाभर पंख्यावर काढायचात, म्हणून एसी म्हटलं की तुम्हाला ते बिल आठवतं, मला कळतं ते. एप्रिल ते जूनचं बिल माझ्या खात्यातून जाईल असं लावून ठेवलंय, त्यावर वाद नको, तुम्ही माझ्या कॉलेजची फी कशी भरली ते मी विचारलं होतं का?

आणि गुडघ्यांचं, आई. हवेचा झोत तुझ्यावर येणारच नाही, पाती वरच्या बाजूला ठेवायची, २६ वर लावायचा आणि पंखा एकवर. सुरू केला की तो आपोआप २४ वर येतो, २०२० पासून सगळ्या एसींना तसा नियमच आहे, तिथून दोनदा वरचं बटण दाबायचं की झालं. एकेक डिग्री वाढवली तरी सहा टक्के वीज वाचते असं बीईई सांगते. पायावर ती तुझी गोधडी घे. पहाटे थंडी वाजली तर टायमर आहे, मी व्हिडिओ कॉलवर लावून देईन. हॉलमध्ये कूलर राहणारच आहे, दुपारी तुझी मैत्रिणींची बैठक तिथेच बसू दे, कूलरला कोणी हात लावत नाहीये.

आता शनिवारचं, आणि इथे मी जरा दरडावणारच आहे. बाबा, शिडीवर चढायचं नाही. धरायलाही उभं राहायचं नाही, खुर्चीत बसून बघा. बाहेरचं युनिट पश्चिमेच्या भिंतीवर लावू देऊ नका, दुपारचं ऊन तिकडे थेट येतं, मागच्या बाजूला मोरीच्या वर लावायला सांगा, समोर हवा मोकळी हवी. एसीची वायर सोळा अँपिअरच्या वेगळ्या पॉइंटवरच, कूलरच्या एक्सटेन्शन बोर्डवर अजिबात नाही, आणि अर्थिंग तपासून घ्या. गॅस सोडायच्या आधी पाईपमधली हवा व्हॅक्यूम पंपाने काढतात, त्याला वेळ लागतो, "चालतं हो काका" म्हणाला तरी चालत नाही. संध्याकाळी आपल्याकडे व्होल्टेज पडतं म्हणून दादा स्टॅबिलायझर घेऊन येतोय, तोवर एसी सुरू करू नका. फिल्टर दर पंधरा दिवसांनी नळाखाली धुवायचा, तो हाताने निघतो, पण ते काम बाईंचा मुलगा करेल, त्याला मी सांगितलंय, तुम्ही नाही.

पुण्याला या, दादाकडे राहा, असं आम्ही कोणी म्हणणार नाही. तुम्हाला तुमचं घर, तुमचं अंगण, तुमची सकाळची मंडळी हवी, आणि आम्हालाही तुम्ही तिथेच हवे आहात, फक्त रात्री नीट झोपलेले.

सोलरचं दिवाळीत आले की बघू, तीन किलोवॅटला केंद्राचे ७८,००० मिळतात, ती योजना खरी आहे, पण त्यासाठी गच्चीवर माप घ्यायला लागेल आणि ते तुम्ही एकट्याने सुरू करायचं नाही.

शनिवारी काम झालं की लेबलचा फोटो आणि मीटरचं रीडिंग पाठवा, लेबलवर आकडे स्पष्ट दिसले पाहिजेत. दादाबरोबर मोठा डबा पाठवू नको आई, तो ट्रेनने येतोय. बाबा, पाण्याची बाटली सोबत ठेवा, बँकेत अकराच्या आत.

तुमची,
छोटी