कापलेली दावी

निपाणी, रविवार रात्र

ती. आई-बाबांना शि. सा. न. वि. वि.

घराच्या उताऱ्याचं काम झालं नाही. कानडी अर्जात आजोबांच्या नावाचं एक अक्षर चुकलंय, बुधवारी परत बोलावलंय. ते होईल. आज लिहितेय ते तात्याबद्दल. बाबा, तात्याचं नाव निघालं की तुमच्या फोनची रेंज जाते, म्हणून पत्र.

गावी जाऊन घर उघडलं, झाडलं. गोठ्यात खुंट्यांना ती चार दावी अजून तशीच आहेत. पुरानंतर येईल त्याला तुम्ही ती दाखवायचात, "बघा, हत्यारानं कापलंय. घरातलाच चोर." तीन जनावरं चौथ्या दिवशी माळावर सापडली, कालवड सापडली नाही. मेलेलं जनावर दाखवता आलं नाही म्हणून पंचनाम्यातही ती आली नाही. तात्यानंच विकली असं तुम्ही मारुतीच्या देवळासमोर सगळ्यांदेखत म्हणालात. तात्या काहीच बोलला नाही, आणि त्या गप्प बसण्यालाच आपण कबुली समजलो.

तसं समजायला कारणं कमी नव्हती म्हणा. आजीच्या पाटल्या त्यानंच मोडल्या. काकूवर हात टाकला, ती गडहिंग्लजला माहेरी गेली ती परत आलीच नाही. ते मी विसरलेले नाही आणि तुम्हीही विसरा असं सांगायला हे पत्र लिहीत नाहीये. त्याचा शब्द तर कुणीच धरत नाही. १९८१ च्या तंबाखू आंदोलनात हायवेवर आपण बैलगाडीत झोपायचो असं तो अजून सांगतो. तुम्ही म्हणता, त्या दिवसांत तो थेटरात झोपायचा. तुमचंच खरं असणार.

पण बाबा, गोठ्यात उभी राहून मी ती दावी हातात घेतली. तुम्ही मला जनावर बांधायला शिकवलंत, तुम्हीच सांगा. चोर दावं कुठं कापेल? खुंट्याजवळ. जनावर ओढून न्यायला हातात दोर नको का? ही दावी गळ्याजवळ कापलीत. जवळजवळ सगळा दोर खुंट्यालाच राहिलाय. पाण्यात पोहणाऱ्या जनावराच्या पायात दोर अडकू नये म्हणून कुणी कापेल, तशी.

समोरच्या घरातला तो बारका पोरगा आठवतो? आता उसाच्या ट्रॅक्टरवर असतो. त्याला चहाला बोलावलं आणि सरळ विचारलं. आधी "मला काय म्हाईत न्हाई ताई" म्हणाला. दुसऱ्या कपाला बोलला.

२०१९ च्या ऑगस्टमधली ती रात्र तुम्हाला मी काय सांगू. २००५ ला पाणी मारुतीच्या पायरीला लागून परतलं होतं, म्हणून यंदाही तेवढंच, असं सगळे म्हणत होते. पण खाली कृष्णाच फुगलेली, दूधगंगेला वाट नाही, मग आपल्या वेदगंगेला कुठून असणार. यमगर्णीला हायवे पाण्याखाली गेला. तुम्ही माणसं ट्रॉलीतून शाळेत गेलात, जनावरं सकाळी काढू म्हणालात. तात्या पिऊन पडला होता, त्याला कुणी उठवलंच नाही. (आई, हे वाचून वाईट वाटून घेऊ नकोस. मीसुद्धा उठवलं नसतं.)

पोरगा घर राखायला म्हणून कौलांवर बसला होता. त्यानं पाहिलं ते असं: छातीएवढ्या पाण्यात तात्या, दातात टॉर्च, हातात उसाचा कोयता. आधी आपला गोठा, मग ओळीनं गल्लीतले बाकीचे सहा. म्हशी घाबरून शिंगं मारत होत्या. एका रेड्यानं त्याला भिंतीवर दाबलं, तेव्हापासून त्याची ती बरगडी दुखते. तो सांगायचा, दारूच्या गुत्त्यावर पडलो.

मग बोलला का नाही? मला वाटलं होतं मोठेपणा असेल. तसलं काही नव्हतं. सोडलेल्यांतली पाच-सहा जनावरं वाहून गेली. कुणी सोडली हे कळलं असतं तर मालकांनी भरपाई मागितली असती. पोराला त्यानं दम दिला होता, "तोंड उघडलंस तर कौलावरनं ढकलीन."

संध्याकाळी तात्याकडे गेले. खाटेवर बसला होता, पाय सुजलेत, वास येतच होता. म्हटलं, "तात्या, दावी तू कापलीस."

बराच वेळ विडी शोधत राहिला. मग म्हणाला, "बांधल्यालं जनावर बुडताना कसं वरडतं, ऐकलंयस काय कधी? झोप लागंना."

मला बोलताच येईना. मग त्यानंच पुढं सांगितलं, "कालवड मात्र म्या इकली. हायवेच्या कडंला एकटीच हुभी हुती. हेड्या भेटला. आकरा हजार."

"आणि पैसे?"

"प्यालो की. खोटं कशाला सांगू."

म्हणजे बाबा, तुम्ही देवळासमोर जे म्हणालात ते खरंच होतं. कालवडीचं मी काढून टाकत नाहीये, तुम्हीही काढू नका. फक्त आपली राहिलेली तीन आणि गल्लीतली वाचलेली सगळी त्याच कोयत्यानं सुटली, हेही त्याच्या नावावर लिहायला हवं. आपण इतकी वर्षं एकच बाजू लिहिली.

दावी मी काढलेली नाहीत. गणपतीला याल तेव्हा स्वतः हातात घेऊन बघा. माझं चुकत असेल तर तसं सांगा. त्याच्याशी बोलायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. तो तुमच्याबद्दल एवढंच म्हणाला, "दादाचा गुडघा कसा हाय?" मी म्हटलं, तसाच.

त्यानं पाचशे मागितले. दोनशे दिले, आणि गोळ्या मी स्वतः आणून दिल्या, पैसे हातात नाही.

दादा-वहिनींना नमस्कार, पिंट्याला पापा.

तुमची
बेबी

ता. क. सोप्यातली पितळी घागर दिसत नाही. आई, तू पुण्याला नेली होतीस ना? लगेच कळव. मी त्याला अजून विचारलेलं नाही.