शिडाची कडी दोराच्या हिशेबाने घडवा

संपादक महोदय,

शिडाच्या होडीला लागणाऱ्या कड्या (शिडाच्या कोपऱ्याला दोर जोडायच्या रिंगा) आणि शॅकल (आट्यांच्या पिनने बंद होणारे यू आकाराचे जोड) बनवणे भोसरी-पिंपरीच्या वर्कशॉपांना अवघड नाही. ड्रॉइंग करताना मात्र धातू तुटेल का, एवढेच बहुधा तपासले जाते. पाण्यावर कडी शाबूत राहते. दोर तुटतो, नाहीतर शिडाचा कोपरा फाटतो.

पुढच्या शिडाच्या दोरावरचा भार ढोबळपणे असा काढतात : शिडाचे चौरस मीटर × वाऱ्याच्या नॉटमधल्या (ताशी सागरी मैल) वेगाचा वर्ग × ०.०२१. म्हणजे १० चौरस मीटरचे शीड आणि २० नॉट वारा असेल, तर कामाचा भार सुमारे ८४ किलो. वारा दुप्पट झाला की भार चौपट. शीड फडफडताना बसणारे हिसके वेगळेच, म्हणून तुटण्याचा भार किमान पाचपट धरावा.

खरी गफलत कडेला होते. ४ मिमी पत्र्यातून लेसरने कापलेल्या कडीची कड कितीही घासली, तरी गोलाई २ मिमी त्रिज्येपलीकडे जात नाही. तिच्यावरून ८ मिमी दोर वळला की बाहेरचे धागे जास्त ताणले जातात, आतले चेपतात आणि दोराची ताकद बरीच घटते. डायनीमासारख्या (एक अतिमजबूत कृत्रिम धागा) फारशा न ताणणाऱ्या दोराला तर हे मुळीच सोसत नाही. त्यापेक्षा ८ मिमी किंवा जाड गोल सळई वाकवून टिग (टंगस्टन इलेक्ट्रोडने) वेल्ड करावी, वेल्डचा उंचवटा पूर्ण घासून पॉलिश करावा. लेथवर खाचेची जाड ॲल्युमिनियम रिंग केली तर आणखी चांगले. ती हलकीही असते, आणि फडफडणाऱ्या शिडाची कडी डोक्याला लागते हे विसरू नये.

शॅकलची पिन शिडाच्या रिंगमधून घालावी, दोर कमानीकडे ठेवावा. उलटे केले तर हलणारा दोर पिनचे आटे सोडवतो. पिन तारेने बांधावीच. आट्यांना ग्रीस लावावे, कारण स्टेनलेसचे आटे एकमेकांत जाम होतात.

खडकवासल्याच्या गोड्या पाण्यात ३०४ ग्रेडचे स्टेनलेस चालते. कोकणात न्यायचे असेल तर २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असलेले ३१६च घ्यावे.

चाचणी अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या यूटीएमवर (ओढून ताकद तपासणारे यंत्र) करता येते, पण नुसती कडी ओढून उपयोग नाही. शिवलेला कोपरा, कडी आणि दोर एकत्र लावून कामाच्या दुप्पट भारावर धरावे, मग शिवणीची भोके लांबलीत का ते पाहावे. कामाचा भार आणि धातूचा ग्रेड कडीवर कोरून द्यावा, ही उत्पादकांना विनंती.

– एक यंत्र अभियंता, कोथरूड, पुणे