सुलतान अब्दुल्लाचं नाव पण छापा की

मा. संपादक,
स.न.

मलेशियाच्या राष्ट्रगीताचा विषय निघाला की एक किस्सा हमखास सांगतात, की ती चाल म्हणे सेशेल्स बेटांवरून आली, तिकडे पेराकचा (मलेशियातलं एक राज्य) कोणी सुलतान राहायचा. बस, एवढंच. राहायचा म्हणजे काय हो, हवा खायला गेला होता का तो? इंग्रजांनी नेऊन ठेवलं होतं त्याला. सुलतान अब्दुल्ला त्याचं नाव, आणि जिथे कुठे नाव येतं तिथे 'इंग्रजांना घरात घेणारा' असा शिक्का मारूनच येतं. मला हे वाचून फार वाईट वाटतं म्हणून हे पत्र.

पेराकमध्ये सुलतान गेला की मुलगा सरळ गादीवर बसायचा असं नव्हतं. आधी राजा मुदा म्हणजे युवराज, त्याच्यानंतर बेंदाहारा म्हणजे मुख्य प्रधान अशी रांग असायची. १८७१ मध्ये सुलतान अली वारला तेव्हा अब्दुल्ला राजा मुदा होता, म्हणजे हक्क त्याचाच. पण तो अंत्यविधीला पोचलाच नाही आणि तिथली रीत अशी की जुन्या सुलतानाला दफन करायच्या आधी नवा जाहीर व्हायला हवा, मग सरदारांनी बेंदाहारा इस्माईलला बसवलं. न जाणं ही अब्दुल्लाची चूकच, ते मी नाकारत नाही. त्यात पेराकमधल्याच लारूतच्या कथिलाच्या खाणींवरून घी हिन आणि हाय सान या चिनी टोळ्यांची मारामारी चाललेली, व्यापार ठप्प, आणि सिंगापूरचे व्यापारी इंग्रजांच्या मागे लागलेले की काहीतरी करा. अशा वेळी तिशीतल्या या माणसाने सिंगापूरच्या इंग्रज गव्हर्नरला पत्र पाठवलं की मला सुलतान माना, मी रेसिडेंट, म्हणजे दरबारात इंग्रजांचा सल्लागार अधिकारी, ठेवून घेतो.

२० जानेवारी १८७४ ला इंग्रजांशी पांगकोरचा करार झाला. त्यातलं एकच कलम नीट वाचा: मलय धर्म आणि रीतिरिवाज सोडून बाकी सगळ्या बाबतीत रेसिडेंटचा सल्ला घ्यायचा आणि तो पाळायचाच. आता पाळायचाच असेल तर त्याला सल्ला कसं म्हणायचं, तो हुकूमच झाला ना. अब्दुल्लाला वाटलं गादी मिळाली, सहा महिन्यांत नाही तर वर्षभरात कळलं की नुसती खुर्ची मिळालीय.

रेसिडेंट म्हणून आला जे. डब्ल्यू. डब्ल्यू. बर्च. नदीवरची जकात सरदारांचं उत्पन्न होतं, ती त्याने सरकारजमा करायला घेतली. कर्जापायी गुलाम झालेली माणसं पळून आली की त्यांना आसरा द्यायचा, आणि यात बर्च बरोबरच होता, माझं तरी तसं स्पष्ट मत आहे. पण कोणाशी सल्लामसलत न करता, धाकदपटशाने, तिथली भाषा नीट न येता हे सगळं चाललं होतं. २ नोव्हेंबर १८७५ ला पासिर सालाकला नदीवर न्हाणीत असताना महाराजा लेला या पेराकच्याच सरदाराच्या माणसांनी त्याला मारलं. लेला फाशी गेला. अब्दुल्ला कटात होता असं इंग्रजांच्या चौकशीत निघालं, पण कोर्टात रीतसर खटला काही चालला नाही, १८७७ मध्ये थेट सेशेल्सला रवानगी.

पेराकमधल्या इपो शहरात बर्चच्या आठवणीत १९०९ साली बांधलेला घड्याळाचा टॉवर अजून उभा आहे आणि त्याच्याच बाजूच्या रस्त्याला आता महाराजा लेलाचं नाव आहे. म्हणजे मारलेला आणि मारणारा दोघंही लोकांच्या लक्षात आहेत. ज्याच्या गादीवरून हे सगळं झालं त्याच्या वाट्याला मात्र एका चालीचा किस्सा! ती पेराकच्या राज्यगीताची चाल, १९५७ मध्ये स्वातंत्र्याच्या वेळी देशाने घेतली, हे खरं आहे. पण दीड दशकाहून जास्त काळ परक्या बेटावर काढलेला माणूस, तो तिकडे असताना गादी आधी युसुफकडे मग इद्रीसकडे गेली, तो परत आला तेही सिंगापूरला, पेराकला नाही. स्वतःच्या मुलखात, कुआला कांगसारला यायला त्याला म्हातारपण उजाडलं, आणि १९२२ मध्ये तिथेच तो गेला.

पुढच्या वेळी पुरवणीत तो चालीचा किस्सा छापाल तेव्हा हे चार ओळीत का होईना पण द्या, आणि 'पेराकचा कोणी सुलतान' असं लिहू नका, ही विनंती.

आपला,
एक नेहमीचा वाचक