ढोलकीवाल्याचं नाव काऊन नाही?

मा. संपादक साहेब, नमस्कार.

आमच्या भागातले पोरं आजकाल गाणे बनवून यूट्यूबवर टाकून राहिले, त्यात दंडारीतले (दंडार म्हणजे आमच्याकडचं नाच-गाण्याचं लोकनाट्य), भजनी मंडळातले जुने कलाकारही घेऊन राहिले, हे पाहून लय बरं वाटते. पण त्यात एक गोष्ट खटकते म्हणून लिहून राहिलो.

मी झाडीपट्टीच्या, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भाच्या, नाटकात तबला वाजवतो. दिवाळी झाली की मंडई म्हणजे गावची जत्रा, मग शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती, अन् रात्रीले नाटक, वडशाच्या (जि. गडचिरोली) नाटक कंपन्या गावोगाव फिरतात अन् पहाटेपर्यंत खेळ चालते. तिथं एकट्याच्यानं काहीच होत नाही. हिरोईन रडताना दम कुठं घेते ते ऑर्गनवाल्याले माहीत पाहिजे, नाहीतर तो सूर धरून बसते अन् तिचं वाक्य त्याच्याखाली दबून जाते. मुंबई-पुण्याचे कलाकार येतात, तालमीले वेळ नसते, पहिल्या गाण्यातच एकमेकाले समजून घ्या लागते. लावणीवाली बाई एखाद्या रात्री अचानक तोडा (नाचाचा तुकडा) वाढवते, मग मला ठरलेला ठेका सोडून तिच्या पायामागं जा लागते, अन् अशा वेळी हाताले असं काही सापडते जे घरी रियाज करून सापडलं नसतं. कलाकार दुसऱ्या कलाकारासोबत काऊन बसते, तर माझ्यासाठी याच्यासाठीच.

झाकीर हुसैन साहेबांनी बिरजू महाराजांच्या कथकले साथ केली, अन् सत्तरच्या दशकात 'शक्ती' ग्रुपमध्ये जॉन मॅक्लॉफ्लिनची गिटार, एल. शंकर यांचं व्हायोलिन, विनायकरामांचा घटम अन् झाकीर साहेबांचा तबला, असे चौघं एकत्र आले. पुढं काही नवीन मंडळी घेऊन त्याच ग्रुपले २०२४ मध्ये ग्रॅमी भेटला. पण तिथं वाजवणारा प्रत्येक जण नावानं ओळखला जाते, अन् आमच्याकडं?

बाजूच्या गावात एका चॅनलवाल्यांनी दंडारीचं गाणं शूट केलं, ढोलकी अन् टाळ दिवसभर वाजवून घेतले, चहा-पोहे दिले. व्हिडिओखाली गाणाऱ्याचं नाव आहे, कॅमेऱ्याचं, एडिटिंगचं, ड्रोनवाल्याचंही आहे, पण ढोलकीवाले काका चांगले चेहऱ्यासकट दिसतात तरी त्यांचंच नाव नाही. गाणं परंपरेचं आहे, कोणाच्या मालकीचं नाही, हे मान्य. पण ते वाजवणं तर त्या काकांचंच आहे ना! कॉपीराइट कायद्यात गाणाऱ्या-वाजवणाऱ्याचाही हक्क धरला आहे, त्याले न विचारता रेकॉर्डिंग करता येत नाही, हे आमच्या कलाकारायले कोणी सांगतच नाही.

पोरांनो, तुमच्यावर राग नाही, तुम्ही येता म्हणूनच हे वाजवणं जगापुढं जाऊन राहिलं. फक्त शूटिंगच्या आधी एका कागदावर लिहून घ्या, नाव कुठं येईल, मानधन किती, अन् उद्या व्हिडिओ चालला तर त्यात वाटा किती. दोघांच्या सह्या घ्या, मग बिनधास्त वाजवा.

अन् साहेब, तुमच्या पेपरलेही एक विनंती. आमच्या नाटकातले कलाकार परशुराम खुणे भाऊंना २०२३ मध्ये पद्मश्री भेटली तेव्हा पूर्ण झाडीपट्टी खुश झाली होती. पण नाटकाच्या बातमीत हिरो, लेखक, दिग्दर्शक, निर्माता सगळे येतात, ऑर्गन, तबला, ऑक्टोपॅडवाले येत नाहीत. या सीझनपासून तेही छापा. आमच्या भागातल्या वादकांची नावं पाहिजे असतील तर मी गोळा करून पाठवतो.

आपला,
एक तबलावादक
ता. ब्रह्मपुरी, जि. चंद्रपूर