काजळाच्या रेघेच्या आत

प्रिय काका,

नाव लिहायचं नाही अशी तुमची ताकीद आहे, म्हणून नुसतं काका. एमआरआयच्या खोलीबाहेर भर मे महिन्यात स्वेटर घालून बसणारे काका म्हटलं, की ओळखणारे ओळखतीलच.

प्रबंध परवा जमा केला. आभाराच्या पानावर तुमच्या वाट्याला दोनच शब्द आलेत, 'तांत्रिक साहाय्य'. छापून आल्यावर ते वाचले आणि माझी मलाच लाज वाटली.

स्वादुपिंडातली चरबी मोजायची म्हणजे सगळं काम यंत्र करणार, अशा समजुतीत मी तुमच्याकडे आले होते. कागदावर तसंच दिसायचं. पाण्यातला आणि चरबीतला हायड्रोजन चुंबकाच्या आत किंचित वेगळ्या वेगाने डोलतो. दीड टेस्ला (चुंबकाच्या ताकदीचं माप) ताकदीच्या यंत्रात साधारण दर ४.६ मिलिसेकंदांनी दोघांचा ताल जुळतो आणि त्याच्या निम्म्या वेळेला बरोबर उलटा पडतो. जुळल्या क्षणीच्या चित्रात दोघांची बेरीज, उलट्या क्षणीच्या चित्रात वजाबाकी. शाळेतली दोन समीकरणं सोडवावीत तसं पाणी वेगळं, चरबी वेगळी. डिक्सन यांची १९८४ची ही युक्ती. पुढे तिच्यात बऱ्याच दुरुस्त्या झाल्या, गाभा तोच राहिला.

पण मोजायचं नेमकं कुठे, ते समीकरणात नसतं. यकृताचं ठीक आहे, ऐसपैस अवयव, रक्तवाहिन्या टाळून कुठेही गोल काढावा. स्वादुपिंड जठराच्या मागे दडलेलं, कंगोऱ्याकंगोऱ्यांचं, श्वासागणिक सरकणारं. सोनोग्राफीत ते कित्येकदा गॅसमुळे दिसतच नाही. मधुमेह असला की बहुधा आणखी आक्रसलेलं, आणि कंगोऱ्यांच्या खाचांमध्ये बाहेरची चरबी शिरलेली.

पहिल्या बारा जणांचे माझे आकडे आठवतात? १४, १७, १९ टक्के. मी खूश होते. तुम्ही चहाचा कप घेऊन मागे उभे राहिलात आणि म्हणालात, "अगं, तू घर मोजतेयस की अंगण?"

मग आउट-फेजचं, म्हणजे त्या उलट्या क्षणीचं, चित्र उघडून अवयवाभोवतीची काळी किनार दाखवलीत. जिथे एकाच ठिपक्यात पाणी आणि चरबी जवळपास सारखी असतात, तिथे वजाबाकी शून्यावर येते आणि ठिपका काळा पडतो. पुस्तकात याला 'इंडिया इंक' म्हणतात. तुम्ही काजळ म्हणालात. "काजळाची रेघ दिसली ना? तिच्या आत ये. अजून आत." डोकं, मधला भाग, शेपूट, तिन्हीकडे लहान लहान गोल. बाराही जणांचं पुन्हा मोजलं. १७ची बाई ७वर आली.

त्या दिवशी मी घरी जाऊन न्यूकॅसलचा २०११चा अभ्यास पुन्हा काढला. रॉय टेलर यांच्या गटाने टाइप २ मधुमेहाच्या अकरा जणांना आठ आठवडे रोज सुमारे ६०० कॅलरींवर ठेवलं होतं. त्यांच्या स्वादुपिंडातली चरबी सरासरी ८ टक्क्यांवरून ६.२वर आली आणि इन्सुलिनचा प्रतिसाद सुधारला. म्हणजे सगळी गोष्ट १.८ची, आणि माझी चूक १०ची! ही चरबी इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशींना खरंच आजारी पाडते की नुसती सोबतीला असते, यावर अजून वाद आहे. असू दे. पण अंगण मोजून त्या वादात तोंड घालायला मी निघाले होते.

७वर आलेली ती बाई दिसायला काटकुळी. "हिला कसला मधुमेह?" असं मी बोलून गेले, तेव्हा तुम्ही मला डॉ. याज्ञिक आणि जॉन युडकिन या दोन मधुमेह-संशोधकांचा २००४चा तो फोटो शोधायला लावलात. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २२.३. अंगातली चरबी मात्र पुण्याच्या याज्ञिकांची २१.२ टक्के आणि युडकिन यांची ९.१. वजनकाट्यावर विश्वास ठेवायचा नाही, हे मी तेव्हापासून शिकले.

आणि त्या आजी! "श्वास घ्या, सोडा, आता थांबा" म्हटलं की नेमक्या तेव्हाच खोकायच्या. तीनदा चित्र हललं. मी त्यांना यादीतून काढायला निघाले होते. तुम्ही त्यांना बाहेर बाकावर बसवलंत, स्वतः शेजारी बसलात आणि दोघं मिळून श्वास रोखायचा सराव करत राहिलात. "विहिरीत बुडी मारलीय समजा, आजी." "मला मेलीला पोहता कुठं येतं!" त्या हसल्या, तुम्ही हसलात, पुन्हा सराव सुरू. चौथ्या खेपेला सोळा सेकंद पूर्ण झाले आणि अख्ख्या अभ्यासातलं सगळ्यात स्वच्छ चित्र त्यांचंच निघालं.

प्रबंधाची एक प्रत तुमच्या खुर्चीवर ठेवून जाते आहे. चौथ्या प्रकरणात सगळी चित्रं आहेत. एखादा गोल रेघेबाहेर गेलेला दिसला तर पेन्सिलीने खूण करून ठेवा.

तुमची,
घर आणि अंगण यांत घोळ घालणारी