चाचणीचा कागद आणि मैदानावरची शिट्टी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

अमेरिकेतील विद्यापीठांनी आपल्या खेळाडूंना थेट मोबदला द्यावा की नाही, हा तिकडचा जुना वाद जून 2025 मध्ये न्यायालयाने मंजूर केलेल्या तडजोडीने बऱ्याच अंशी मिटला. एका विद्यापीठाला पहिल्या वर्षी (2025-26) सुमारे 2 कोटी 5 लाख डॉलर खेळाडूंमध्ये वाटण्याची मुभा मिळाली, हा आकडा डोळे दिपवणारा आहे खरा, आणि त्यातला मोठा वाटा फुटबॉलपटूंकडे जाणार हेही उघड आहे. परंतु त्याच फुटबॉलमध्ये धडधाकट मुले सरावाच्या मैदानावर कशी दगावली आणि त्यानंतर वैद्यकीय व्यवस्थेत काय बदलले, याची चर्चा आपल्याकडे फारशी होत नाही. विषय दूरदेशीचा वाटला, तरी त्याचा एक धागा थेट गडचिरोली आणि नंदुरबारपर्यंत येतो, म्हणून हे पत्र.

तिकडचा फुटबॉल म्हणजे शिरस्त्राण आणि खांद्यांवर कवच चढवून, लांबट चेंडू हाती धरून, एकमेकांना अंगावर घेत खेळायचा खेळ. 1905 मध्ये त्यातील मृत्यूंवरून एवढा गहजब झाला की राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टन या विद्यापीठांच्या प्रतिनिधींना व्हाइट हाउसमध्ये बोलावून घेतले. त्यानंतर जी संघटना उभी राहिली, तीच आजची एनसीएए, म्हणजे महाविद्यालयीन खेळांचे नियम करणारी संघटना. पुढे नियम बदलले, शिरस्त्राणे सुधारली, आणि टकरीने होणारे मृत्यू कमी झाले. मात्र 2000 ते 2016 या काळात दगावलेल्या 33 महाविद्यालयीन फुटबॉलपटूंचा हिशेब मांडला गेला, तेव्हा त्यांपैकी टकरीने गेलेले केवळ 6 निघाले. उरलेल्या 27 जणांच्या अंगावर जीवघेणी जखम नव्हती. हृदयाचे विकार, उष्माघात आणि सिकलसेल (तांबड्या रक्तपेशींचा आनुवंशिक दोष) ही त्यांतली प्रमुख कारणे होती, आणि त्यांतले बहुतेक मृत्यू प्रशिक्षकाने आखलेल्या व्यायामात झालेले होते. (मेंदूला वारंवार बसणाऱ्या धक्क्यांचा प्रश्नही तितकाच गंभीर आहे, पण त्याविषयी पुष्कळ लिहिले गेले असल्याने तो येथे बाजूला ठेवतो.)

टेक्सासमधील राइस विद्यापीठाचा डेल लॉइड हा 19 वर्षांचा खेळाडू 24 सप्टेंबर 2006 रोजी, सामन्याच्या दुसऱ्याच दिवशी, संघाबरोबर व्यायामाला उतरला होता. शंभर-शंभर यार्डांच्या 16 धावा काढायच्या होत्या. त्या काढताना तो कोसळला आणि दुसऱ्या दिवशी गेला. तो सिकलसेलचा वाहक होता. विदर्भात ज्याला आपण ‘एएस’ म्हणतो तो हा प्रकार. आई किंवा वडील यांच्यापैकी एकाकडून सदोष जनुक आलेले असते, रोजच्या जगण्यात काहीही त्रास होत नाही, आणि म्हणूनच बहुतेकांना आपण वाहक आहोत याचा पत्ताही नसतो. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांमध्ये सुमारे 13 जणांमागे एक वाहक आहे, आणि महाविद्यालयीन फुटबॉलच्या संघांत याच समाजातील मुले मोठ्या संख्येने खेळतात.

असा वाहक खेळाडू विश्रांतीविना, दम लागेपर्यंत एकामागून एक धावा काढत राहिला, त्यातच ऊन असले आणि अंगातले पाणी कमी झालेले असले, तर रक्तातील तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकून स्नायूंच्या बारीक रक्तवाहिन्यांत अडकू शकतात. स्नायू मरू लागतात आणि त्यांतून बाहेर पडणारे पोटॅशियम व आम्ल हृदयाचे ठोके बिघडवते. डॉक्टर म्हणून मला यात सर्वांत घातक वाटते ती त्याची सुरुवात. हृदय अचानक बंद पडले तर माणूस धाडकन पडतो आणि त्याची शुद्ध जाते. उन्हाने वांब आले तर तो ओरडतो आणि त्याचा स्नायू दगडासारखा घट्ट लागतो. सिकलसेलचा वाहक मात्र हळूहळू खाली बसतो. पायांत बळ उरले नाही, असे तो सांगतो, तो बोलत असतो, आणि त्याचे स्नायू हाताला मऊच लागतात. बघणाऱ्याला वाटते, हा दमला आहे किंवा अंगचोरपणा करतो आहे. त्याला त्याच क्षणी थांबवले, प्राणवायू दिला, अंग थंड केले आणि रुग्णालयाला कारण आधीच कळवले, तर तो वाचण्याची शक्यता मोठी असते. त्याला दंडाला धरून उभे करून आणखी एक फेरी मारायला लावली, तर मात्र हाती काही उरत नाही.

लॉइडच्या पालकांनी न्यायालयात दावा लावला, आणि 2010 मध्ये एनसीएएने आपल्या वरच्या गटातील विद्यापीठांसाठी सिकलसेल चाचणीचा नियम केला. खेळाडूने चाचणी करून घ्यावी, आधीचा अहवाल दाखवावा, अथवा नकार लेखी द्यावा, असे त्याचे स्वरूप होते. येथपर्यंतची गोष्ट समाधानाची. पण चारच वर्षांनी, 7 फेब्रुवारी 2014 रोजी, बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाचा टेड अगू हा खेळाडू संघाच्या व्यायामात, चढावर धावताना कोसळून मरण पावला. तो वाहक आहे हे विद्यापीठाला ठाऊक होते. आरंभी त्याच्या मृत्यूचे कारण हृदयविकार असे नोंदवले गेले, नंतर ते बदलून सिकलसेलशी जोडले गेले, आणि 2016 मध्ये विद्यापीठाने जबाबदारी मान्य करून कुटुंबाला 47 लाख 50 हजार डॉलर दिले. लॉइडच्या वेळी माहिती नव्हती. अगूच्या वेळी ती होती, पण त्या सकाळचा व्यायाम तिच्यामुळे सौम्य झाला नाही. चाचणीचा कागद दप्तरात राहिला आणि शिट्टी दुसऱ्याच्याच हातात होती.

ही शिट्टी कोणाच्या हाती असावी, हा या साऱ्याचा गाभा आहे. तिकडच्या तेव्हाच्या पाच मोठ्या स्पर्धा-समूहांतील (कॉन्फरन्स) विद्यापीठांनी 2016 मध्ये असा नियम केला की खेळाडूच्या उपचाराविषयी डॉक्टर आणि मैदानावरील उपचारतज्ज्ञ जे ठरवतील, त्याला प्रशिक्षकाने आव्हान देऊ नये. तरीही 29 मे 2018 रोजी त्याच समूहांपैकी एकातील मेरीलँड विद्यापीठात जॉर्डन मॅकनेअर हा 19 वर्षांचा खेळाडू धावण्याच्या सरावात उष्माघाताने कोसळला. त्याला बर्फाच्या पाण्याच्या टबात बसवले गेले नाही आणि रुग्णवाहिकेला फोन जाईपर्यंत तासाहून अधिक वेळ लोटला, असे चौकशीत आढळले. 13 जूनला तो गेला. उष्माघातात आधी थंड करायचे आणि मग हलवायचे, हे प्रथमोपचाराचे साधे तत्त्व आहे, आणि पाण्याचा टब ही काही महागडी वस्तू नव्हे. खेळाडूंची वैद्यकीय व्यवस्था क्रीडा विभागाकडून काढून वैद्यकीय विद्यापीठाकडे सोपवण्याचा प्रस्ताव तेथे आदल्याच वर्षी आला होता आणि नाकारला गेला होता, हे मागाहून उघड झाले. ज्याची नेमणूक आणि बढती क्रीडा विभागाच्या मर्जीवर असते, तो उपचारतज्ज्ञ प्रशिक्षकाला थांबवण्यापूर्वी दोनदा विचार करणार, आणि तेवढा वेळही अशा प्रसंगी हातात नसतो.

वाहकांना खेळूच देऊ नये, असा निष्कर्ष कोणी यातून काढील, तर तो सपशेल चूक ठरेल. अमेरिकेतील रक्तविकारतज्ज्ञांच्या संघटनेने 2012 मध्ये सक्तीच्या चाचणीला विरोधच केला होता. चाचणीमुळे वाहकांवर शिक्का बसेल, त्यापेक्षा सर्वांसाठीच व्यायाम सुरक्षित करा, असे तिचे म्हणणे होते. अमेरिकी लष्करातील सुमारे 48 हजार कृष्णवर्णीय सैनिकांचा जो अभ्यास 2016 मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात वाहकांमध्ये स्नायू विघटनाचे प्रमाण 54 टक्क्यांनी अधिक आढळले, परंतु मृत्यूचे प्रमाण अधिक आढळले नाही. लष्करात पाणी, विश्रांती आणि उष्णतेविषयीची पथ्ये सर्वच सैनिकांना लागू असतात, हे येथे ध्यानात घ्यावे. व्यावसायिक फुटबॉलमधील रायन क्लार्क हाही वाहकच. 2007 मध्ये समुद्रसपाटीपासून सुमारे 1600 मीटर उंचीवरील डेन्व्हरमध्ये खेळल्यानंतर तो गंभीर आजारी पडला, त्याची प्लीहा आणि पित्ताशय काढावे लागले. तरीही तो पुढे अनेक वर्षे खेळला आणि विजेत्या संघातही होता. जानेवारी 2012 मध्ये त्याच डेन्व्हरमध्ये बाद फेरीचा सामना आला, तेव्हा मात्र प्रशिक्षक माइक टॉमलिन यांनी त्याला संघाबाहेर ठेवले. संघ तो सामना हरला. त्या हरण्याबद्दल मला त्या प्रशिक्षकाविषयी आदरच वाटतो.

आता आपल्याकडे वळतो. भिल्ल, पावरा, गोंड, माडिया, परधान अशा समाजांत आणि विदर्भातील इतरही समाजांत सिकलसेलचे वाहक मोठ्या प्रमाणात आहेत. 1 जुलै 2023 पासून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू असून 7 कोटी लोकांच्या तपासणीचे तिचे उद्दिष्ट आहे. या तपासणीचा मुख्य रोख विवाह आणि संतती यांवर आहे, आणि दोन वाहकांच्या प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता 25 टक्के असल्याने तो योग्यही आहे. पण याच जिल्ह्यांतील मुले-मुली पोलीस भरतीसाठी, 1600 आणि 800 मीटरच्या वेळा साधण्यासाठी, रस्त्यांवर आणि मैदानांवर जीव तोडून धावत असतात. आश्रमशाळांच्या क्रीडा स्पर्धाही असतातच. आपल्याकडील जनुकाची जात आफ्रिकी वंशाच्या लोकांतील जनुकाहून वेगळी आहे, त्यामुळे तिकडचा अनुभव जसाच्या तसा लागू होईल असा दावा मी करणार नाही. परंतु चंद्रपूरचे ऊन टेक्सासहून सौम्य नाही.

माझी विनंती आदिवासी विकास, आरोग्य आणि क्रीडा या तिन्ही विभागांना आहे. आश्रमशाळांचे क्रीडाशिक्षक आणि भरतीपूर्व प्रशिक्षण देणारे मार्गदर्शक यांना, धावताना खाली बसणाऱ्या मुलाला कसे ओळखावे, याचे एका दिवसाचे प्रशिक्षण प्राथमिक आरोग्य केंद्रांतून देता येईल. मुलाचा अहवाल त्याच्या आणि पालकांच्या संमतीनेच शिक्षकापर्यंत जावा आणि त्यावरून कोणालाही संघातून किंवा वर्गातून वगळले जाऊ नये. सुट्टीनंतर परत आलेल्या मुलांना पहिल्याच दिवशी पूर्ण फेऱ्या मारायला लावू नयेत, आणि ‘पाय चालत नाहीत’ असे कोणी म्हटले की त्या दिवसापुरती त्याची धाव संपली, हा नियम वाहक असो वा नसो, सर्वांना एकच असावा. भरतीच्या आणि स्पर्धांच्या मैदानांवर प्राणवायूचे सिलिंडर, बर्फ आणि पाण्याने भरलेला मोठा टब ठेवावा, आणि धाव थांबवण्याचा अंतिम अधिकार तेथे हजर असलेल्या वैद्यकीय अधिकाऱ्याला लेखी द्यावा.

आपला,
एक निवृत्त वैद्यकीय अधिकारी, चंद्रपूर