कूलरचं तोंड माझ्याकडे वळवणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,

माझ्या अर्जावर आदेश निघाला, तळमजल्यावर टेबल मिळालं, त्याचे रीतसर आभार मानून झाले. हे पत्र कूलरसाठी आहे.

नागपूरची मे महिन्यातली दुपार. सुनावणीला मी येऊन बसले आणि तुम्ही काही न विचारता उठून कूलरचं तोंड माझ्याकडे वळवलंत. टेबलावरचे कागद फडफडायला लागले तसा त्यांच्यावर स्वतःचा जेवणाचा डबा ठेवलात. तरी आमच्या साहेबांचं लेखी म्हणणं उडालंच, आणि त्यांना ते टेबलाखाली वाकून काढावं लागलं. (खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.)

मला मल्टिपल स्क्लेरोसिस (एमएस) आहे. त्यात शरीराची प्रतिकारशक्तीच नसांवरच्या आवरणावर उलटते. अंग जरा तापलं की माझी नजर धूसर होते, उजवा पाय ओढावा लागतो. ऑफिसात हे सांगून सांगून तोंड दुखलं होतं. तुम्हाला सांगावंच लागलं नाही, तुम्ही वाचून आला होतात.

तुमच्या आधी ज्यांच्याकडे माझा अर्ज पडून होता, त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाले, "दिसायला तर ठणठणीत आहात. दमायला आम्हालाही होतं. झेपत नसेल तर स्वेच्छानिवृत्ती घ्या." 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत मल्टिपल स्क्लेरोसिस नावानिशी आहे. सरकारी नोकरीत असताना दिव्यांगत्व आलं म्हणून माणसाला काढता येत नाही, खालच्या पदावरही ढकलता येत नाही, असं कलम 20 सांगतं. ते पुस्तक त्यांच्याच कपाटात होतं, धूळ खात.

कीव करणारे तर पुष्कळ भेटले. 'बिचारी' म्हणत माझ्या हातचं काम काढून घेणारेही त्यातलेच. तुम्ही गार वारा दिलात आणि मग रजांचा हिशेब अगदी कडक विचारलात, एक तारीखसुद्धा सोडली नाहीत. मला धड वागवलं म्हणजे काय, ते त्या उलटतपासणीत कळलं. अशी माणसं खुर्चीत बसलेली असली की कार्यालयाची पायरी चढायची भीती वाटत नाही.

शेजारच्या कार्यालयातल्या एका बाईंनाही हाच आजार निघालाय, आणि त्यांच्या साहेबांची भाषाही तीच. त्यांना म्हटलं, त्याच कायद्याच्या कलम 23 खाली तुमच्या कार्यालयात तक्रार निवारण अधिकारी कोण नेमलाय, ते आधी लेखी विचारा.

आपली,
आवक-जावक विभागातली एक लिपिक